गणपतीच्या आधी सहा दिवस: माळ्यावरच्या गांधीलमाश्यांचं एक प्रकरण

संगमेश्वर तालुक्यातलं एक गाव. जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर. गणपतीला सहा दिवस उरले होते आणि मुंबईहून अठरा माणसं यायची होती. माटवीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगून सजवायची लाकडी चौकट आणि मखराच्या फळ्या काढायला घरातला पुतण्या शिडी लावून माळ्यावर चढला. आढ्याजवळ वाशाला लटकलेलं, फुटबॉलपेक्षा थोडं मोठं, राखाडी-तपकिरी पट्ट्यांचं पोळं त्याला दिसलं. तो खाली आला, ओट्याखालचा झुरळांचा स्प्रे घेतला आणि दुपारी दोनच्या सुमाराला सात-आठ फुटांवरून पोळ्यावर धरला. शिवाय जवळ पडलेल्या काठीने पोळ्याला एकदा ढोसलंही. मिनिटाभरात त्याला नऊ डंख बसले होते.

मी परवान्याने पेस्ट कंट्रोलचं काम करतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे फोन वाढतात, कारण पावसाच्या सुरुवातीला दोन-चार कप्प्यांचं असलेलं घरटं तोवर भरभराटीला आलेलं असतं. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "भाऊ, कुठलं औषध आणू तेवढं सांगा, येताना दुकानातून घेऊन येतो." फोन करणारे बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात. हे प्रकरण सविस्तर लिहून काढतोय ते त्या प्रश्नासाठीच. औषधाचं नाव मला त्या घरात सर्वांत शेवटी ठरवता आलं. त्याआधी जे पाहिलं त्यावरूनच ते ठरलं.

फोनवर मी आधी मुलाची चौकशी केली. श्वास घेताना त्रास होतोय का, ओठ किंवा जीभ सुजलीय का, चक्कर, उलटी? काका म्हणाले, "दोनदा ओकला. आणि अंगावर गांध्या उठल्यात." डंख होते मानेवर आणि हातांवर, गांध्या उठल्या होत्या पोटावर आणि मांड्यांवर. डंखाच्या जागी सूज येणं, आग होणं हे अपेक्षितच असतं. पण डंखापासून लांबच्या कातडीवर गांध्या, जोडीला उलट्या, म्हणजे सगळं शरीरच त्या विषावर उलटतंय. यात काही मिनिटांत रक्तदाब पडू शकतो, घसा सुजून श्वास अडू शकतो. तिथे कांद्याचा रस, चुना, हळद यात एक मिनिटही घालवायचं नसतं. "१०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने न्या, आणि वाटेत त्याला उठवून बसवू नका, आडवा ठेवा, श्वास लागला तरच टेकून बसवा," एवढं सांगितलं. दवाखान्यात त्याच्या मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लघवीचा रंगही विचारला. गांधीलमाशीचे डंख बरेच असले तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला भाग मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. ॲलर्जी नसलेल्या माणसालाही हा धोका असतो, आणि तो एक-दोन दिवसांनी उघडा पडतो. मुलगा सुखरूप घरी आला. आता त्याने हे पक्कं लक्षात ठेवायला हवं की पुढचा एक डंखसुद्धा त्याला या नऊ डंखांपेक्षा जड जाऊ शकतो.

मधमाशीची नांगी काटेरी असते, ती कातडीत अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारते. शिवाय तिच्या विषाचा वास बाकीच्यांना धोक्याची खूण देतो. म्हणून पहिला डंख बसला की तिथून निघायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

घर पाहिलं तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो. एका पोळ्यासाठी बोलावलं होतं, पण घराभोवती फिरल्यावर तीन वेगवेगळ्या प्रकारची घरटी निघाली.

ओटीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मातीचे चार-पाच गोळे चिकटलेले होते, अंगठ्याएवढे. काकूंनी तेच आधी दाखवले, "ही पण काढून टाका, पोरं इथेच खेळतात." ती कुंभारमाशीची होती. एकटी राहणारी, कमरेला दोऱ्यासारखी बारीक माशी. ती ओल्या मातीची गोळी आणून खोली बांधते, डंख मारून लुळे केलेले कोळी त्यात भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. तिला राखायला फौज नसते, घरट्याजवळ गेलं म्हणून ती अंगावर येत नाही. एक गोळा आधीच फुटलेला होता, त्यात वाळलेले बारके कोळी होते. आपल्या कीटभृंग न्यायातला भृंग तो हाच: अळीला कोंडून ठेवतो आणि ध्यास घेऊन घेऊन अळीचाच भृंग होतो, अशी समजूत. प्रत्यक्षात आतून बाहेर येते ती माशीचीच पिल्लं, आत कोंडलेल्या शिकारीवर वाढलेली. काकूंना ते कोळी दाखवले तेव्हा त्या बराच वेळ पाहत राहिल्या. इथे कुठल्याच औषधाची गरज नव्हती. नको असतील तर गोळे कालथ्याने खरवडायचे आणि खिडकी पुसायची.

दुसरं होतं पडवीच्या पत्र्याखाली आणि गोठ्याच्या तुळईला. उघडं, छत्रीसारखं, एका देठावर लटकलेलं, एकेरी थराचं पोळं. त्यावर विटकरी रंगाच्या सडपातळ माश्या. हीसुद्धा गांधीलमाशीच, पण धाकट्या चणीची. पोळ्याला बाहेरून आवरण नसतं, कप्पे उघडे दिसतात. देठाला त्या असा द्रव फासतात की मुंग्या पोळ्याकडे फिरकत नाहीत. दक्षिण भारतात सर्रास दिसणाऱ्या अशाच एका जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी काही दशकं संशोधन केलं आहे. राणी गेली की तिची जागा कोण घेते, काम कसं वाटून घेतलं जातं, हे सगळं या साध्या दिसणाऱ्या पोळ्यावर त्यांनी तपासलं. या माश्या भाजीवरच्या अळ्या नेऊन आपल्या पिल्लांना चारतात. काकूंच्या परसात वांगी आणि भेंडी होती.

तिसरं माळ्यावरचं. मी अर्ध्या शिडीवरून, दहा-बारा फुटांवरून दुर्बिणीने पाहिलं. काळ्या, जाड, बोटाच्या पेऱ्याएवढ्या माश्या, पोटावर नारिंगी-पिवळा रुंद पट्टा. पोळ्याला कागदासारखं आवरण, खालच्या बाजूला मुठीएवढं तोंड, तोंडाशी पहारा देणाऱ्या चार-पाच जणी. लाकूड कुरतडून, थुंकीत कालवून केलेला तो कागदच असतो. आत एकाखाली एक असे पोळ्याचे थर असतात. आवरणावर बाहेरून कितीही मारा केला तरी आतल्या थरांपर्यंत थेंब पोचत नाही. पुतण्याचा स्प्रे इथेच वाया गेला होता. सात-आठ फुटांवरून बारीक थेंब हवेत विखुरले, थोडे आवरणाने शोषले, आणि पहारेकरणींना मरण्याइतका नव्हे तर चिडण्याइतका डोस मिळाला. दिवसाची वेळ असल्याने बाहेर गेलेल्याही परतत होत्या.

या घरातल्या अडचणी

आता घराकडे पाहा. माळा फळ्यांचा होता, फळ्यांमध्ये बोटभर फटी. माळ्याच्या एका बाजूला भाताची कणगी, दुसऱ्या बाजूला गुरांचा पेंढा. पोळ्याच्या बरोबर खाली माजघर, जिथे सहा दिवसांनी गणपती बसायचा होता आणि रात्री पोरंटोरं झोपायची होती. पोळ्यापासून दोन हातांवरून विजेची जुनी तार गेलेली. पेंढ्याच्या आडोशाला मनी मांजर तीन पिल्लं घेऊन. खाली खोलीत ब्याऐंशी वर्षांच्या आजी, दम्याच्या. घरामागे विहीर. आणि विहिरीपलीकडे चिकूच्या झाडाखाली सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या. पुतण्याने गेल्या वर्षीच त्या ठेवल्या होत्या. माळ्यावरच्या गांधीलमाश्या पेटीच्या दाराशी घिरट्या घालून एकेक मधमाशी उचलत होत्या, म्हणून तो एवढा चिडला होता. सातेरी मधमाश्याही गप्प बसत नाहीत. घुसलेल्या गांधीलमाशीला त्या दाटीने घेरून तिच्याभोवती घट्ट गोळा बनवतात आणि अंगाच्या उष्णतेने तिला मारतात. पण रोज दहा-वीस मधमाश्या उचलल्या जात असतील तर लहान वसाहत खचते.

काका मला गोठ्याच्या खिडकीकडे घेऊन गेले. "हे एवढं आहे घरात, यातलं चालेल का बघा." खिडकीत पाच गोष्टी होत्या आणि प्रत्येकीबद्दल मी त्यांच्याशी बोललो.

पहिली काळी पडलेली अर्धी बाटली, लेबल केव्हाच गळालेलं. झाकण न उघडताच वास येत होता. डायक्लोरव्हॉस. गावागावात ढेकणांपासून उंदरांपर्यंत कशावरही ते मारलं गेलंय, कारण त्याची वाफ होते आणि बंद जागेत सगळं मरतं. तो गुणच इथे घातक होता. फळ्यांच्या फटीतून ती वाफ थेट आजींच्या खोलीत उतरली असती. शिवाय केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून डायक्लोरव्हॉसवर देशभर बंदी आहे. काकांना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. बंदी आली म्हणून घरातली बाटली कोणी उचलून नेत नाही.

दुसरी मोनोक्रोटोफॉसची, लाल त्रिकोणाची. आपल्याकडच्या कीटकनाशकाच्या लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी: प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी पुरतं. पिवळ्याला ५१ ते ५००, निळ्याला ५०१ ते ५०००, आणि हिरव्याला त्याहून जास्त लागतं. दुकानात बाटली हातात घेतली की आधी हा रंग पाहावा, कंपनीचं नाव नंतर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली. ती मोकळ्या शेतात काम करत होती. तसलं औषध बंद माळ्यावर, डोक्याच्या वर पंप धरून मारण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

तिसरी क्लोरपायरिफॉस २० टक्के, वाळवीसाठी आणलेली, पिवळा त्रिकोण. वाळवीला ते जमिनीत आणि पायाच्या कडेने घालतात. पण ते मिसळलेलं असतं तेलकट द्रावकात. पाण्यात दुधासारखं पांढरं होतं, फटीतून गळलं असतं, वास दिवसेंदिवस राहिला असता, आणि भाताची कणगी शेजारीच. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस आणि हे, तिन्ही एकाच घराण्यातले. शरीरात मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात. तोंडाला लाळ, बुबुळं बारीक, दरदरून घाम ही त्याची लक्षणं. किड्यातही तेच चालतं आणि माणसातही.

चौथा होता कार्बारिल पावडरचा गंजलेला डबा. काका म्हणाले, "यूट्यूबवर अमेरिकेतला माणूस हीच पावडर पोळ्याच्या भोकात टाकत होता." तो बरोबरच दाखवत होता. आवरणाच्या पोळ्यात भुकटी हा चांगला मार्ग आहे, कारण माश्या ती पायांनी आतल्या थरांपर्यंत नेतात. पण आपल्या देशात कार्बारिलवर ऑगस्ट २०१८ पासून बंदी आहे. शिवाय तिकडे पोळ्यासाठी पंधरा-वीस फूट धार मारणारे खास डबे मिळतात, ते मला आपल्याकडच्या बाजारात कुठे दिसलेले नाहीत. परदेशातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

पाचवा, पुतण्याने वापरलेलाच झुरळांचा स्प्रे. त्याने तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या अंतरावरून वापरला, पण वस्तू चुकीची नव्हती. त्यात पायरेथ्रॉइड गटातली दोन रसायनं होती, एक पटकन पाडणारं आणि एक सावकाश मारणारं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात जे कीटकनाशक सापडतं, त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेला हा गट. किड्याच्या मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे उघडेच राहतात, तो थरथरतो आणि कोसळतो. माणसाचं शरीर ते बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं. नुसतं पाडणारं असेल तर किडा तासाभराने उठून चालू लागतो, म्हणून दोन्ही हवीत. आणि डासांच्या स्प्रेपेक्षा झुरळांचाच बरा, कारण डासांच्या स्प्रेचे थेंब हवेत तरंगत राहावेत इतके बारीक असतात, झुरळांच्या स्प्रेचे जाड आणि ओले. पोळ्याच्या तोंडातून आत भिजवायचं असेल तर जाड थेंबच कामाचे.

पायरेथ्रॉइड म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही, मांजरं त्याने आकडी येऊन मरतात. माशांना आणि पाण्यातल्या जिवांना ते फार कमी मात्रेत मारतं. मधमाश्यांनाही. दमेकऱ्याला वासाने खोकला लागतो. म्हणजे या घरात ते चालणार होतं, पण मांजर, विहीर, पेट्या आणि आजी यांची सोय लावल्यावरच.

पंपाने फवारा मारायचाच नाही, हे मी तिथे ठरवलं. काका नाराज झाले. "एवढ्या लांबून आलात, सगळा माळाच फवारून टाका ना एकदा." पण सगळा माळा फवारायचा म्हणजे भात, पेंढा आणि फटीतून माजघर. औषध फक्त पोळ्याच्या पोटात जायला हवं होतं. बाहेर गेलेल्या माश्या परततील त्यांच्यासाठी, त्या ज्या कौलाखालच्या फटीतून ये-जा करत होत्या तिच्या बाहेरच्या कडेला, ब्रशने हातभर पट्टा. त्यासाठी याच पायरेथ्रॉइड गटातल्या डेल्टामेथ्रीनची पाण्यात कालवायची पावडर, लेबलवरच्या मापाने. जांभा आणि लाकूड तेलकट द्रावण पिऊन टाकतात. पावडरीचे कण वर राहतात आणि माशीच्या पायाला लागतात. रसायन तेच असलं तरी ते द्रावणात आहे, पावडरीत आहे की डब्यात, यावर अर्धा निकाल ठरतो. दुकानदार हे क्वचितच विचारतो.

पेट्रोलचा बोळा किंवा टेंभा हा गावचा जुना उपाय शेजारच्या आबांनी सुचवलाच. खाली पेंढा होता. त्यांना तो नुसता दाखवला.

रात्र

नऊ वाजता सुरुवात केली. अंधार पडला की बहुतेक माश्या आत असतात आणि उडायला नाखूश असतात. त्यात बाहेर पाऊस. दिवसभरात एवढं उरकलं होतं: मनी आणि पिल्लं टोपलीतून गोठ्यात, आजी शेजारच्या घरी, कणगीवर ताडपत्री, पोळ्याखालचा पेंढा हलवून तिथे प्लास्टिकचा कागद, विहिरीवर झाकण, पेट्यांची दारं संध्याकाळी जाळीने बंद. मेन स्विच बंद केला. स्प्रेच्या डब्यात दाबलेला वायू पेट घेतो, म्हणून चूलही विझवली. देवघर माळ्याखालीच होतं. काकू निरांजनाकडे बघून थांबल्या. "तेवढं राहू दे ना?" मी म्हटलं, "काकू, तासाभरासाठी ते तुळशीपाशी नेऊन ठेवू." त्यांनी पावसापासून ओंजळ धरत ते नेलं.

मी आणि माझा मदतनीस, दोघांच्याही अंगावर जाड पांढरा पोशाख, जाळीची टोपी, गमबूट, हातमोज्यांच्या आणि पायांच्या कडेला चिकटपट्टी. टॉर्चवर लाल जिलेटीन, कारण लाल रंग या माश्यांना जवळजवळ दिसत नाही. टॉर्च हातात न धरता बाजूला वाशाला टेकवून ठेवला. माशी चिडली तर उजेडाच्या उगमाकडे जाते.

पोळ्यापाशी शिडी लावलीच नाही. माळ्यावर गुडघ्यांवर रांगत गेलो. हातभर अंतरावर आलो तेव्हा आतून आवाज यायला लागला, कोणी कोरडं वर्तमानपत्र चुरगळतंय असा. तोंडाशी एक माशी बाहेर आली, मिशा हलवत थांबली. मी डब्याची नळी तोंडात घातली आणि वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. आतला आवाज वाढत वाढत पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा झाला आणि मग खाली येऊ लागला. मदतनिसाने स्प्रेने भिजवलेला जुना टॉवेल तोंडात कोंबला.

आणि तेवढ्यात माझ्या जाळीवर टप्प आवाज झाला. मग दुसरा. पोळ्याच्या मागच्या अंगाला, कौलाकडे तोंड करून, काठीने पडलेली चीर होती. सकाळी मी फक्त शिडीच्या बाजूने पाहिलं होतं. मागचं अंग दिसत नव्हतं, ते पाहण्यासाठी काठीला मोबाइल बांधून फोटो काढायला हवा होता. काठी लागली होती हे पुतण्याने सांगितलंच होतं, तेव्हा चीर असणार हे मला सुचायला हवं होतं. ही माझी चूक. दहा-बारा माश्या बाहेर आल्या. आम्ही हात न हलवता खाली वाकून राहिलो. दुसरा डबा मदतनिसाच्या कमरेला होता, त्याने तो चिरेकडे वळवला. बाहेर आलेल्या निम्म्या आधीच औषधाने डगमगत होत्या, त्या प्लास्टिकवर पडून गरगरत राहिल्या. हातमोजा आणि बाही यांच्यामधली चिकटपट्टी एका जागी सुटली होती, तिथे मला एक डंख बसला. एकच. दुसरा डबा जवळ नसता तर ते प्रकरण तिथे थांबलं नसतं. पोळ्याच्या आकारापेक्षा एक डबा जास्त न्यायचा, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

दहाच्या आधी खाली आलो. माळ्याची समोरासमोरची झरोकी उघडी ठेवली, माळ्याचं दार बंद केलं, आजींना त्या रात्री शेजारीच झोपवलं.

नंतरचे दिवस

सकाळी प्लास्टिकवर दीडशेच्या आसपास माश्या होत्या. रात्री बाहेर राहिलेल्या वीसेक कौलाच्या फटीपाशी घोटाळत होत्या. काकांना वाटलं काम फसलं. दोन दिवसांत त्या संपल्या, पट्ट्यावर बसून किंवा पोळं नसल्यामुळे.

पोळं मात्र त्याच दिवशी संध्याकाळी उतरवलं. ते टाळून चालत नाही, कारण झाकलेल्या कप्प्यांमधल्या कोषांपर्यंत औषध नीट पोचत नाही आणि आठवड्याभरात त्यातून ताज्या माश्या बाहेर येतात. गोणपाटात धरून देठ कापला आणि पोळं उघडलं. आत चार थर, वरचे दोन पांढऱ्या टोप्यांनी बंद, खालच्यांमध्ये लठ्ठ पांढऱ्या अळ्या, काही अजून हलत होत्या. काकू सूप घेऊन आल्या. "कोंबड्यांना घालते, आवडीनं खातील." खातील हे खरं होतं. एरवी त्या अळ्या चांगला खाऊ आहेत, ईशान्य भारतात तर माणसंही त्या चवीने खातात. पण या अळ्यांच्या अंगात आदल्या रात्रीचं औषध होतं आणि त्या कोंबड्यांची अंडी सणात घरातलीच पोरं खाणार होती. विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला नव्हे तर उताराच्या बाजूला, दोन फूट खड्डा करून ते सगळं पुरलं. प्लास्टिक आणि टॉवेलही त्यातच गेले. प्लास्टिक पुरणं मला आवडत नाही, पण औषध लागलेलं प्लास्टिक जाळणं त्याहून वाईट.

तिसऱ्या दिवशी पोळ्याच्या आसपासचे वासे आणि खालच्या फळ्या साबणाच्या पाण्याने दोनदा पुसल्या. कौलाखालच्या फटीला बारीक जाळी ठोकली. माटवीची चौकट उन्हात धुवून घेतली.

पडवीतलं उघडं पोळं दाराच्या वाटेवर होतं, चाकरमान्यांची पोरं त्याखालून ये-जा करणार होती, शिवाय पुतण्याला आता एकही डंख परवडणारा नव्हता. ते काढलं. पण त्याला कीटकनाशक लागलं नाही. लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण, पिचकारीची बाटली, रात्रीची वेळ. साबणाचं पाणी अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि पंख जड होतात. वीस-तीस माश्यांचं उघडं पोळं असेल आणि हात पोचत असेल, तर एवढं पुरतं. आवरणाच्या पोळ्यावर मात्र हा प्रयोग कोणी करू नये.

गोठ्यातलं पोळं तसंच ठेवलं. काका म्हणाले, "मग हे कशाला सोडता?" ते दहा फूट उंच होतं, वाटेत नव्हतं, आणि वांग्याच्या अळ्या कोणीतरी खायला हवीत. शिवाय माळ्यावरच्या मोठ्या गांधीलमाश्याच या धाकट्यांच्या पोळ्यांवर धाडी घालून पिल्लं पळवत असतात. मोठ्या गेल्या की धाकट्यांना जरा उसंत मिळते. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या कामाने त्या बाजूला गेलो तेव्हा गोठ्यातलं पोळं दुपटीने वाढलेलं पाहिलं. मधपेट्या दोन्ही जिवंत होत्या.

खिडकीतल्या बाटल्यांचं काय करायचं हे मात्र नीट सुटलेलं नाही. गटारात ओतायच्या नाहीत, पुरायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, दुकानदार परत घेत नाही. घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये वाळू घालून, त्यात त्या उभ्या ठेवून, ड्रमवर काय आहे ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून, पोरांचा हात पोचणार नाही अशा बंद खोपटात कुलपात ठेवल्या आहेत. कृषी खात्याकडे त्या कुठे द्यायच्या याची विचारणा काकांनी लेखी केली. उत्तर आलं की कळवतो म्हणाले. ड्रम अजून खोपटातच आहे.